ग्राहकाने विक्रेत्याला काय सांगावे? : निशाणी, अंगठा आणि आधार-क्रमांक

१

वस्तू घेणाऱ्याने विकणाऱ्याला मोल द्यावे, हा व्यवहाराचा सर्वमान्य नियम होय. परंतु मोलाखेरीज स्वतःविषयीची माहितीही त्याने द्यावी काय, द्यावी तर किती, आणि एकदा दिलेल्या माहितीवर पुढे कोणाचा अधिकार, हे प्रश्न तितकेसे सोपे नाहीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आंतरजालावरील खरेदी खेडोपाडी पोहोचली आणि हे प्रश्न एकाएकी निकडीचे झाले. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव येथे उदाहरणादाखल डोळ्यांपुढे ठेवले आहे. धानाच्या प्रदेशातील अशा गावचा मनुष्य आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वस्तू निवडतो. ती सदोष निघाली म्हणजे परत करू पाहतो. तेव्हा न पाहिलेला विक्रेता त्याच्याकडे आधार-पत्राचे छायाचित्र, बँकेच्या कार्डाचे अंक किंवा जन्मतारीख मागतो. ग्राहकाने नकार दिला की त्याचे पैसे अडकून पडतात, आणि होकार दिला की आपली माहिती कोणाच्या हाती पडली हे त्याला कधीच कळत नाही. वाद उत्पन्न होतो तो येथे.

हा वाद नव्या यंत्रांबरोबर आलेला आहे, असा समज सार्वत्रिक आहे. प्रस्तुत लेखात त्या समजाची तपासणी करावयाची आहे. व्यवहारात दुर्बळ असलेल्या पक्षाकडून ओळखीची खूण घेणे आणि ती खूण सबळ पक्षाच्या दप्तरी राहणे, ही गोष्ट महाराष्ट्राला जुनीच आहे. ती खूण कोणत्या स्वरूपाची होती, तिच्या बदल्यात देणाऱ्याला काय मिळत असे आणि वाद मिटविण्यासाठी कोणते उपाय योजले गेले, हा क्रम पाहिला असता आजच्या कायद्यांचे बळ व त्यांतील उणीव या दोहोंवर प्रकाश पडतो.

२

मराठेशाहीतील दस्तऐवजांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ‘निशाणी’ हा शब्द ठाऊक असतो. लिहिता न येणारा मनुष्य कागदावर चिन्ह काढी. पाटलाचा नांगर, शेट्याची तराजू, स्त्रीची बांगडी ही त्यांतील सुपरिचित चिन्हे होत. ‘सही’ हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘खरे, बिनचूक’ असा आहे. ‘निशाणी’ फारसीतून आली, आणि तिचा अर्थ केवळ ‘खूण’. दोहोंतील भेद सूचक आहे. सही करणारा मजकूर खरा असल्याचे सांगतो, निशाणी करणारा आपण कोण हे दाखवितो.

परंतु निशाणीने काय उघड होई, हे बारकाईने पाहावयास हवे. नांगराच्या चिन्हावरून त्या माणसाचे गावातील स्थान कळे, बांगडीवरून ती स्त्री आहे हे कळे. विशिष्ट व्यक्ती कोणती, हे मात्र चिन्ह स्वतः सांगत नसे. ते सांगत गावकरी, म्हणजेच कागदावरील साक्षीदार. ओळख ही अशा रीतीने कागदावर नव्हे तर गावाच्या स्मरणात राहात असे. मराठीत ‘ओळख’ या शब्दाला ‘परिचय’ आणि ‘खूण पटणे’ असे दोन्ही अर्थ आहेत, ते यामुळेच स्वाभाविक वाटतात. आठवड्याच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखी आणि गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखी. ओळख दुहेरी होती. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्या चिन्हाने गावात स्थान ठरे त्याच चिन्हाने जातही उघड होई, आणि ती लपविण्याची मुभा कोणालाच नव्हती. तथापि घेणारा व देणारा एकमेकांना अनोळखी आहेत, असा प्रकार तीत क्वचितच होता, एवढे निश्चित.

३

एकोणिसाव्या शतकात हे बदलले. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथील इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल याने रस्त्याच्या सामग्रीच्या पुरवठ्याचा एक करार केला, आणि राज्यधर कोनाई या पुरवठादाराच्या हाताचा ठसा त्या कागदावर उमटवून घेतला. बोटांच्या ठशांच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या प्रसंगापासून सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. हा प्रसंग गुन्ह्याचा नव्हता, खरेदी-विक्रीचा होता. आणि ठसा मागणारा खरेदीदार, तर देणारा विक्रेता होता. आज बाजू उलटलेल्या आहेत. यावरून असे दिसते की, शरीराची खूण कोणी द्यावी हे विकणे-घेणे यावरून ठरत नाही. व्यवहारात ज्याचे पारडे जड तो मागतो, आणि ज्याचे हलके तो देतो. १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले आणि अंगठा हा राज्यकारभाराचा नित्याचा भाग बनला.

मराठी भाषेने या बदलाची नोंद आपल्या परीने घेतली आहे. ‘अंगठा देणे’ म्हणजे बांधून घेणे. ‘अंगठेबहाद्दर’ म्हणजे निरक्षर. आणि ‘अंगठा दाखविणे’ म्हणजे साफ नाकारणे. एकाच अवयवावरून बंधन आणि नकार हे दोन परस्परविरुद्ध अर्थ निघावेत, हे लक्षणीय आहे. ज्याने अंगठा दिला तो बांधला गेला, आणि ज्याच्या हाती तो गेला त्याला पुढे अंगठा दाखविण्याची सोय झाली, असा हा लोकानुभव असावा.

त्या अनुभवाचा स्फोट १८७५ मध्ये झाला. त्या वर्षीच्या १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. रोखे मिळाले की ते जाळले जात, आणि ते निमूटपणे दिले गेले तेथे बहुधा पुढचा अनर्थ टळे. कुणब्याच्या तक्रारीचा मुद्दा केवळ व्याजाच्या दराचा नव्हता. आपण काय लिहून दिले हे आपणास वाचता येत नाही, त्याची प्रत आपल्याजवळ नाही, आणि फेडीची नोंद सावकाराच्याच वहीत आहे, असाही तो होता. अशा दस्तांत ‘अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून दिले’ अशा अर्थाची वाक्ये ठरलेली असत. राजीखुशीचे वाक्य सावकाराच्या बाजूचा लेखक लिही, आणि राजीखुशी कुणब्याची समजली जाई. संमतीचे शब्द आणि संमती यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट दाखविणारा पुरावा मिळणे कठीण.

या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातील उपाययोजना आजही अभ्यासनीय आहे. शेतकऱ्याचे दस्त ग्राम-निबंधकासमोर, म्हणजे तिऱ्हाइतासमोर, व्हावेत. फेडीची पावती मागण्याचा अधिकार शेतकऱ्याला असावा. त्याला वर्षाचा हिशेब मिळावा. आणि खातेपुस्तक त्याच्या हाती असावे, असे ते उपाय होत. सावकाराची वही कायद्याने बंद केली नाही. त्या वहीचे प्रतिबिंब ऋणकोच्या हाती असावे, एवढी मागणी केली.

कोंढ्याचा प्रदेश या कायद्याच्या कक्षेत नव्हता. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला, आणि भंडारा जिल्हा त्या प्रांतात मालगुजारी पद्धतीखाली राहिला. बी-बियाण्यासाठी सवाई-दिढीने धान उचलणारा शेतकरी तेथेही दुसऱ्याच्या वहीवरच विसंबून होता. मध्यप्रांतात १९३३ मध्ये ऋण-समेटाचा कायदा झाला आणि पाठोपाठ १९३४ मध्ये सावकारी कायदा आला. नियमित हिशेब ठेवणे आणि ऋणकोला दरसाल त्याचे विवरण देणे हे सावकाराचे कर्तव्य ठरले. दख्खनात पंचावन्न वर्षांपूर्वी सुचलेले तत्त्वच येथे निराळ्या वाटेने पोहोचले.

४

दूरच्या विक्रेत्याकडून वस्तू मागविण्याची पद्धतीही वाटते तितकी नवी नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये मूल्यदेय टपालाची पद्धत सुरू केली. मराठी माणूस तिला ‘व्ही. पी.’ म्हणूनच ओळखतो. पुस्तके, घड्याळे, औषधे यांच्या जाहिराती वाचून खेड्यातील वाचक पत्र लिही, पोस्टमन पुडके घेऊन येई, आणि पैसे घेऊन मगच ते स्वाधीन करी. या व्यवहारात ग्राहक विक्रेत्याला नाव आणि पत्ता यांपलीकडे काही सांगत नसे. पैशाची देवघेव टपाल खाते करी. ग्राहकाचा पैसा कोठे ठेवलेला आहे हे विक्रेत्याला कळण्याचे प्रयोजनच नव्हते. पुडक्यात निकृष्ट माल निघाल्याच्या तक्रारी असत, परंतु ओळख चोरीला गेल्याची तक्रार उद्भवण्याजोगी नव्हती. मध्ये तिऱ्हाईत होता, आणि तो फक्त हवी तेवढीच माहिती पुढे नेत होता.

या संदर्भात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिन-क्रमांकाचाही उल्लेख करावयास हवा. संस्कृतचे कवी व पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर हे या योजनेचे जनक होत. सहा अंकी क्रमांकाने पत्त्याला शिस्त आली. विदर्भाचे क्रमांक ४४ या अंकांनी सुरू होतात. हा क्रमांक स्थळाचा आहे, व्यक्तीचा नाही. एकाच टपाल कचेरीच्या टापूतील सर्वांना तो समान लागू पडतो, आणि म्हणून तो कितीही जणांना सांगितला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

व्यक्तीचा क्रमांक आला तो २०१० मध्ये. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिल्या आधार-क्रमांकांचे वाटप झाले. ज्यांच्याजवळ ओळखीचा कोणताच कागद नव्हता त्यांना तो मिळावा, हा त्याचा घोषित हेतू होता, आणि तो क्षुल्लक म्हणता येणार नाही. परंतु राज्यसंस्थेच्या लाभांसाठी दिलेला क्रमांक खासगी व्यवहारांत उतरू लागला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार-कायद्याच्या ५७ व्या कलमातील खासगी संस्थांना मोकळीक देणारा भाग रद्द केला. पुढे २०१९ चा दुरुस्ती-कायदा आणि २०२५ चे नियम यांनी काही वाटा सशर्त उघडल्या. दरम्यान मे २०२२ मध्ये आधार-पत्राच्या छायाप्रती वाटेल त्याला देऊ नयेत, शेवटचे चारच अंक दाखविणारी झाकलेली प्रत वापरावी, असे एक सरकारी आवाहन निघाले आणि दोन दिवसांत मागेही घेतले गेले. प्रत द्यावी की देऊ नये याविषयी सामान्य माणसाच्या मनातील गोंधळ या घटनेने वाढला असल्यास नवल नाही.

५

आता प्रत्यक्ष वादाकडे वळू. विक्रेता ग्राहकाकडे जी माहिती मागतो तिचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग व्यवहाराला अपरिहार्य असलेल्या माहितीचा : नाव, पत्ता, संपर्काचा क्रमांक. दुसरा वर्ग कायद्याने मागावयाच्या माहितीचा. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्लहल्ल्यांच्या प्रकरणी आदेश दिला, आणि आम्ल विकणाऱ्याने खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवणे आवश्यक ठरविले. विशिष्ट प्रतिजैविके व अन्य औषधे विकताना औषध-विक्रेत्याने रुग्णाचे नाव वहीत नोंदवावे असा नियम आहे. दोन लाख रुपयांवरील खरेदीत १ जानेवारी २०१६ पासून प्राप्तिकर खात्याचा स्थायी क्रमांक द्यावा लागतो. तेव्हा ओळखीची प्रत्येक मागणी अन्यायाची, असे म्हणणे हे अज्ञान ठरेल. तिसरा वर्ग उरतो तो अनावश्यक माहितीचा. एक पातेले किंवा साडी परत करण्यासाठी आधार-पत्राचे छायाचित्र मागणे या वर्गात येते.

या तिसऱ्या वर्गाविषयी कायदा आता मुका राहिलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाने विश्वासाने दिलेली व्यक्तिगत माहिती कायद्याच्या आधाराशिवाय तिऱ्हाइताला देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. जुलै २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी खरेदीची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरण्यास मनाई केली. तसेच तक्रार-अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी व एका महिन्यात निवारण करावे, असे बंधन घातले. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना ग्राहकाच्या भ्रमणध्वनी-क्रमांकाचा आग्रह धरू नये अशी सूचना दिली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीसंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित झाली. त्यांत तेरा प्रकार वर्णिलेले असून ‘सक्तीची कृती’ या प्रकाराच्या उदाहरणांत, खरेदीला आवश्यक नसताना आधार किंवा पतपत्राशी जोडलेली माहिती देण्यास भाग पाडणे, याचा स्पष्ट समावेश आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला कार्डाचे मूळ अंक आपल्या दप्तरी साठविता येत नाहीत.

कोंढ्याच्या ग्राहकाच्या दृष्टीने याहून मोठा बदल न्यायस्थानाचा आहे. १९८६ च्या कायद्याखाली साधारणतः विक्रेत्याचे ठिकाण किंवा वादाचे कारण घडल्याचे ठिकाण पाहून तक्रार करावी लागे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेता बंगळुरूला असो की गुरुग्रामला, भंडारा येथील जिल्हा आयोग पुरेसा आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यास ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली, तेव्हा ग्राहकाच्या हाती स्वतंत्र कायदाही नव्हता. त्या मानाने हे अंतर थोडे नव्हे.

मात्र एक सावधगिरी येथे नमूद केली पाहिजे. वाद चालू असतानाच ‘विक्रेत्याच्या वतीने’ बोलत असल्याचे सांगून कोणी एकवेळचा संकेतांक मागतो, तेव्हा ती गोष्ट ग्राहक-वादाची राहत नाही, ती फसवणूक होय. तिच्यासाठी मार्ग ग्राहक साहाय्याच्या १९१५ या क्रमांकाचा नसून सायबर गुन्ह्यांच्या १९३० या क्रमांकाचा आहे, आणि तेथे विलंब घातक ठरतो.

६

यानंतर आलेला २०२३ चा अंकीय व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा आपल्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनी लागू व्हावीत अशी योजना त्यांत आहे. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते.

भाषेच्या अभ्यासकाला यातील दोन गोष्टी विशेष विचारार्ह वाटतील. पहिली शब्दाची. २०११ च्या नियमांत परवलीचा शब्द, आर्थिक तपशील, आरोग्याची नोंद, शरीरखुणा इत्यादींना मराठीत ‘संवेदनशील माहिती’ म्हणण्याचा प्रघात पडला. मराठीत ‘संवेदनशील’ मनुष्य असतो, ज्याला जाणीव होते तो. माहितीला जाणीव नसते. याउलट ‘गोपनीय’ हा जुना शब्द ‘-अनीय’ प्रत्ययामुळे कर्तव्य सांगतो : जे राखले पाहिजे ते. पहिला शब्द माहितीचा गुण वर्णितो, दुसरा राखणाऱ्याची जबाबदारी. २०२३ च्या कायद्याने हा स्वतंत्र वर्गच ठेवलेला नाही. सर्व व्यक्तिगत माहिती त्याने एका पातळीवर आणली. हे योग्य की अयोग्य याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु आधार-पत्र आणि चपलेचे माप यांतील फरक ग्राहकाला शिकविणारा शब्द त्यामुळे कायद्यातून जातो, हे विसरता येत नाही.

दुसरी गोष्ट सूचनेच्या भाषेची. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे, असे हा कायदा म्हणतो. त्या बावीस भाषांत मराठी आहे. १८७५ च्या कुणब्याला जे मिळाले नाही, म्हणजे आपण काय लिहून देत आहोत हे समजण्याची सोय, ते येथे प्रथमच अधिकाररूपाने आले आहे. परंतु ‘अक्कलहुशारीने व राजीखुशीने’ हे शब्दही मराठीच होते. मजकूर मराठीत असणे आणि तो वाचकाला उमगणे या भिन्न गोष्टी आहेत. इंग्रजीची वाक्यरचना जशीच्या तशी ठेवून केवळ शब्द बदललेली सूचना कायद्याचे समाधान करील, कोंढ्याच्या वाचकाचे करणार नाही.

शिवाय एक उणीव गंभीर आहे. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ या कलमाखाली निष्काळजीपणाने माहिती फुटल्यास नुकसानभरपाई मागता येत असे. नव्या कायद्यात ते कलम वगळण्याची तरतूद आहे. नव्या मंडळाला दोनशे पन्नास कोटी रुपयांपर्यंत दंड करता येईल, पण तो दंड शासनाकडे जमा व्हावयाचा. ज्याची माहिती गेली त्याच्या पदरात त्यातून काही पडणार नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोगाचाच मार्ग त्याला मुख्यतः धरावा लागेल, असे दिसते. १८७९ आणि १९३४ च्या कायद्यांनी वहीचे प्रतिबिंब दुर्बळ पक्षाच्या हाती ठेवले होते. नव्या कायद्यानेही आपली कोणती माहिती कोणाकडे गेली हे विचारण्याचा अधिकार दिला आहे. परंतु तो विचारल्याशिवाय फळत नाही. सावकाराला दरसाल हिशेब आपण होऊन द्यावा लागे. विक्रेत्यावर तसे बंधन नाही.

७

वरील विवेचनातून निष्पन्न होते ते असे. निशाणी गावाच्या साक्षीने पटे, अंगठा शरीराशी बांधला गेला, आणि आधार-क्रमांक शरीर व नोंद या दोहोंशी. खूण जसजशी अचूक होत गेली तसतशी देणाऱ्याची साक्ष अनावश्यक होत गेली. या प्रवासात वाद मिटविणारे उपाय मात्र फारसे बदललेले नाहीत : आवश्यक तेवढेच मागणे, मध्ये तिऱ्हाईत असणे, आणि घेतलेल्या नोंदीची प्रत देणाऱ्याजवळ राहणे. व्ही. पी. च्या पद्धतीत पहिले दोन होते, १८७९ च्या कायद्यात शेवटचे दोन. आजच्या कायद्यांत पहिला उपाय बळकट आहे, दुसरा अर्धवट आहे, आणि तिसरा ग्राहकाच्या चौकशीवर सोपविलेला आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे काम पुष्कळ आहे. मराठी दस्तांतील संमतिवाचक वाक्यांचा कालक्रमाने संग्रह व्हावयास हवा. त्याच्या शेजारी आजच्या विक्रेत्यांच्या मराठी सूचना ठेवून पाहाव्यात, आणि पवनी, लाखांदूर, साकोली अशा तालुक्यांतील गावांत त्या वाचून दाखवून ऐकणाऱ्याला काय समजले हे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. ‘नाही’ म्हणण्याची सोय त्या सूचनेत आहे हे किती जणांच्या ध्यानात येते, हा त्या टिपणांतील पहिला प्रश्न असावा. कारण ज्या होकाराशेजारी नकाराला जागा नाही, त्याला कायदा काहीही म्हणो, मराठीत संमती म्हणत नाहीत.